चिमणी आहे, पण धूर जातो कुठे?

नव्या फ्लॅटचे स्वयंपाकघर लावताना चर्चा होते ती ओट्याच्या ग्रॅनाइटची, ट्रॉल्यांची आणि चिमणीच्या काचेची. चिमणी तासाला किती घनमीटर हवा खेचते, ती स्वतःच स्वच्छ होते का, हे दुकानात खोदून खोदून विचारले जाते. तिच्या मागून निघणारा पाइप कुठून न्यायचा आणि कुठे सोडायचा, हा प्रश्न मात्र बहुतेक घरांत चिमणी बसवणारा माणूस येतो त्या दिवशी, अर्ध्या तासात निकालात निघतो. खिडकी जवळ असेल तर पाइप तिथून बाहेर जातो. नसेल तर वरच्या कपाटांमागून, बीमला वळसा घालून, ड्राय बाल्कनीत नाहीतर बाथरूमच्या बाजूच्या डक्टमध्ये सोडला जातो. वर प्लायवुडची पेटी बसवली की तो दिसेनासा होतो आणि विसरलाही जातो.

पुढे त्याच घरात मिरचीची फोडणी दिली की बाहेरच्या खोलीतल्या आजोबांनाही ठसका लागतो. महिनोन्महिने कोरडा खोकला असलेल्या गृहिणीला डॉक्टरांनी ‘स्वयंपाकाचा धूर होतो का?’ असे विचारले, तर ‘छे, आमच्याकडे चिमणी आहे’ असे उत्तर सहज मिळते. त्यापुढचा प्रश्न विचारायला हवा: ती चिमणी धूर नेऊन सोडते कुठे? चिमणी हे केवळ तोंड आहे. धूर घराबाहेर जातो की नाही, हे पाइपच्या दुसऱ्या टोकावर ठरते.

गॅसवरही धूर असतोच

चुलीच्या धुराचे दुष्परिणाम आता बहुतेकांना ठाऊक आहेत. एकदाही विडी-सिगारेट न ओढलेल्या अनेक स्त्रियांना दीर्घकालीन श्वसनविकार होतो, त्यामागे वर्षानुवर्षांचा चुलीचा धूर असतो. गॅस आल्यावर हा धोका खूपच कमी झाला, पण संपला नाही. गॅसच्या निळ्या ज्योतीत हवेतील नायट्रोजन व ऑक्सिजन एकत्र येऊन नायट्रोजनचे ऑक्साइड तयार होतात. त्यातील नायट्रोजन डायऑक्साइड श्वासनलिकांचा दाह करतो; दमा असलेल्या मुलांना त्याचा विशेष त्रास होतो. ज्योत पिवळी होऊन भांड्यांचे बूड काळे पडत असेल, तर ज्वलन अपुरे आहे आणि कार्बन मोनॉक्साइडही वाढला आहे, असे समजावे.

दुसरा धूर तेलाचा. भजी, चकल्या तळताना किंवा कडकडीत फोडणी देताना तेलाचे अतिसूक्ष्म थेंब हवेत मिसळतात. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाडीचा असतो. यातले बरेच कण २.५ मायक्रॉनपेक्षाही लहान, म्हणजे ‘पीएम २.५’ या वर्गातले असतात. नाकातील केस आणि चिकट स्राव मोठी धूळ अडवतात. हे कण मात्र थेट फुप्फुसातील वायुकोशांपर्यंत पोहोचतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार २४ तासांच्या सरासरीत हे कण दर घनमीटरला १५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावेत. भारताचे मानक ६० आहे. लहान, बंद स्वयंपाकघरात तळण सुरू असताना हा आकडा काही मिनिटांतच शेकड्यांत जाऊ शकतो. इंडक्शन शेगडीवर ज्योतीचे वायू टळतात, पण तेलाचा धूर तसाच राहतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्याच कर्करोग संशोधन संस्थेने २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात, उच्च तापमानाला तळताना निघणाऱ्या धुराचा समावेश ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात केला. रोज फोडणी देणाऱ्याने त्यामुळे घाबरून जाण्याचे कारण नाही. रोज थोडा थोडा, तीस-चाळीस वर्षे घेतला जाणारा हा धूर शक्य तितका टाळावा, एवढाच त्याचा अर्थ आहे.

शुआनवेईचा धडा

धूर बाहेर नेल्याने आजार खरेच कमी होतात का, याचे एक ठोस उत्तर चीनमध्ये मिळाले. युन्नान प्रांतातील शुआनवेई भागात घरोघरी धुरकट दगडी कोळसा जाळला जात असे, तोही अनेकदा धुराडे नसलेल्या शेगडीत. तिथल्या स्त्रिया क्वचितच धूम्रपान करत, तरीही त्यांच्यात फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण फार मोठे होते. पुढे अनेक कुटुंबांनी शेगडीला धूर बाहेर नेणारे धुराडे बसवले. एकवीस हजारांहून अधिक शेतकऱ्यांच्या १९७६ ते १९९२ या काळातील नोंदी तपासून २००२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. धुराडे बसवलेल्या घरांत फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका पुरुषांमध्ये सुमारे ४१ टक्क्यांनी, तर स्त्रियांमध्ये सुमारे ४६ टक्क्यांनी कमी आढळला. हा फायदा ठळकपणे दिसायला सुमारे दहा वर्षे लागली.

आपल्या फ्लॅटमधील गॅस आणि शुआनवेईचा कोळसा यांची बरोबरी होत नाही. पण तिथे इंधन तेच राहिले, फक्त धुराला घराबाहेरची वाट मिळाली, आणि तेवढ्यानेही माणसे वाचली. ही वाट नीट आखणे म्हणूनच आरोग्याचा विषय आहे.

आधी पकड, मग वाहतूक

चिमणीला दोन कामे करावी लागतात. शेगडीवरून वर येणारा गरम धूर पकडणे हे पहिले आणि तो बाहेर वाहून नेणे हे दुसरे. कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कले राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या संशोधकांनी तिथल्या घरांत बसवलेल्या अशा यंत्रांची चाचणी घेऊन २०१२ मध्ये निष्कर्ष मांडले. काही यंत्रे ९८ टक्क्यांहून अधिक धूर पकडत होती, तर काही १५ टक्केही पकडत नव्हती. भिंतीकडील बर्नरचा धूर पुढच्या बर्नरपेक्षा चांगला पकडला जात होता. म्हणून तळण आणि फोडणी मागच्या बर्नरवर करावी. चिमणीची रुंदी शेगडीइतकी किंवा थोडी जास्त हवी, आणि ती शेगडीपासून साधारण सव्वादोन ते अडीच फुटांवर असावी. त्याहून बरीच उंच बसवली तर धूर बाजूने निसटतो, फार खाली आणली तर तेलकट जाळी ज्योतीच्या जवळ येते. नेमके अंतर चिमणीसोबतच्या पुस्तिकेत दिलेले असते, ते पाळावे.

पाइप: रुंद, आखूड, सरळ

खोक्यावर छापलेला हवा खेचण्याचा आकडा हा सर्वाधिक क्षमतेचा असतो. पाइप जोडला की तो घटतो. किती घटतो, हे पाइपची रुंदी, लांबी आणि वळणे यांवर अवलंबून असते.

रुंदीचा परिणाम सर्वांत मोठा. सहा इंची पाइपच्या जागी चार इंची पाइप लावला, तर व्यास एक तृतीयांशाने कमी होतो; पण तेवढीच हवा ढकलायला सुमारे साडेसात पट दाब लागतो. घरगुती चिमणीच्या पंख्यात तेवढा जोर नसतो, त्यामुळे हवा कमी जाते. तासाला ५०० घनमीटर हवा सहा इंची पाइपातून साधारण २७ किलोमीटर वेगाने जाते. चार इंची पाइपातून तीच हवा न्यायची तर वेग साठच्या वर जायला हवा. अरुंद पाइप घोंगावतो तो यामुळे. आवाज असह्य झाला की घरातले चिमणी सर्वांत कमी वेगावर ठेवतात किंवा बंदच करतात. ‘आमची चिमणी फार आवाज करते’ या तक्रारीचे मूळ अनेकदा यंत्रात नसून पाइपात असते. चिमणीचे तोंड सहा इंची असेल, तर शेवटपर्यंत पाइप सहा इंचीच हवा. मध्येच कमी करणारा जोड नको.

त्यानंतर वळणे. काटकोनातले प्रत्येक वळण हवेला कित्येक फूट सरळ पाइपाइतका अडथळा करते. बीमखालून जाण्यासाठी एक, कपाटामागे वळण्यासाठी दुसरे आणि खिडकीशी तिसरे अशी वळणे घेतली, की दहा फुटांचा पाइप हवेच्या दृष्टीने त्याच्या दुपटी-तिपटीने लांब होतो. वळण टाळता येत नसेल तर ते मोठ्या गोलाईचे घ्यावे आणि दोन वळणांत थोडा सरळ भाग ठेवावा.

अॅल्युमिनियमचा घडीचा पाइप सोयीचा असतो, पण तो पूर्ण ताणून बसवला तरच नीट चालतो. जास्तीचा भाग दाबून कपाटामागे कोंबला, तर आतल्या घड्यांमुळे अडथळा कित्येक पटींनी वाढतो आणि त्याच घड्यांत तेल साचते. शक्य असेल तिथे पत्र्याचा गुळगुळीत, कडक पाइप उत्तम. पीव्हीसीचा पाइप स्वस्त असतो, पण आत साचलेल्या तेलाने पेट घेतला तर तो स्वतःही जळतो आणि विषारी धूर सोडतो. तो टाळलेलाच बरा. आडव्या पाइपला बाहेरच्या बाजूला थोडा उतार द्यावा, म्हणजे आत जमणारे पाणी आणि पावसाचे थेंब चिमणीत परत येत नाहीत.

या सगळ्याचा विचार ओटा कुठे असावा हे ठरवतानाच केला, तर निम्मे प्रश्न उद्भवतच नाहीत. शेगडी बाहेरच्या भिंतीलगत असेल, तर पाइप दोन-तीन फुटांत संपतो. भोक पाडावे लागले तर बीम आणि कॉलमला हात लावू नये, आणि बाहेरच्या भिंतीसाठी सोसायटीची परवानगी घ्यावी. खिडकीच्या एका काचेच्या जागी पत्रा बसवून त्यातून पाइप काढणे हा अनेक इमारतींत रुळलेला सोपा उपाय आहे.

दुसरे टोक कुठे उघडते?

पाइप कितीही चांगला असला, तरी तो मोकळ्या हवेत उघडायला हवा. नेमकी इथेच सर्वाधिक गफलत होते. काचा लावून बंद केलेल्या ड्राय बाल्कनीत सोडलेला धूर तिथेच कोंडतो, वाळत घातलेल्या कपड्यांना लागतो आणि दारातून परत स्वयंपाकघरात येतो. माळ्यावर किंवा फॉल्स सीलिंगच्या आत सोडलेला पाइप तर त्याहून वाईट. धूर नजरेआड होतो, पण घरातच राहतो, आणि वर तेलाचा जळाऊ थर चढत जातो.

इमारतीच्या डक्टमध्ये पाइप सोडणे सोपे वाटते. पण ही अरुंद पोकळी सहसा सांडपाण्याच्या पाइपांसाठी ठेवलेली असते आणि तिच्यात वरच्या मजल्यांच्या बाथरूमच्या खिडक्या उघडतात. खालच्या घरातली तळणी मग वरच्या घरातल्या दम्याच्या रुग्णाच्या वाट्याला येते. शेजाऱ्याच्या खिडकीखालीच पाइप उघडत असेल, तर प्रश्न सुटत नाही. तो फक्त दुसऱ्याच्या दारात जातो.

पाइप नसलेल्या, हवा गाळून परत खोलीत सोडणाऱ्या चिमण्याही मिळतात. त्यातील जाळी तेलाचे मोठे थेंब अडवते आणि कोळशाचा थर वास बराच कमी करतो. वास गेला की हवा शुद्ध झाली असे वाटते. पण कार्बन मोनॉक्साइड आणि वाफ तशीच परत येते, आणि सूक्ष्म कणही बऱ्याच प्रमाणात परत येतात. भाड्याच्या घरात दुसरा इलाजच नसेल तर अशी चिमणी लावावी, पण तिच्या जोडीला खिडकी उघडी हवी.

जेवढी हवा बाहेर, तेवढीच आत

आठ बाय दहा फुटांच्या स्वयंपाकघरात साधारण २१ घनमीटर हवा मावते. चिमणीने तासाला ५०० घनमीटर हवा बाहेर टाकली, तर दर अडीच मिनिटांनी स्वयंपाकघरभर हवा बाहेर जाते. तितकीच हवा कुठून तरी आत यायला हवी. दारे-खिडक्या घट्ट बंद असतील, तर चिमणीचा जोर कमी पडतो आणि हवा मिळेल त्या फटीतून आत ओढली जाते: बाथरूमच्या जाळीतून, डक्टमधून किंवा गॅस गीझरच्या धुराच्या नळीतून.

यातला शेवटचा मार्ग जिवावर बेतू शकतो. बाहेर जाणारा गीझरचा धूर चिमणीच्या ओढीने उलटा घरात आला, तर त्यासोबत कार्बन मोनॉक्साइड येतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो आणि शरीराची आतून घुसमट होते. डोके दुखणे, गरगरणे, मळमळ ही सुरुवातीची लक्षणे पित्ताची वाटतात. घरातल्या दोघा-तिघांना एकाच वेळी हा त्रास व्हावा आणि बाहेर मोकळ्यावर गेल्यावर तो कमी व्हावा, ही महत्त्वाची खूण आहे. बोटाला लावायचे ऑक्सिमीटर अशा वेळी फसवे ठरते. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेले हिमोग्लोबिनही त्याला ऑक्सिजनयुक्तच वाटते. आकडा ९८ दिसला म्हणून घरी थांबू नये. सर्वांनी लगेच बाहेर पडावे आणि रुग्णालय गाठावे.

म्हणून चिमणी चालू असताना शेगडीपासून दूरची एखादी खिडकी चार बोटे तरी उघडी ठेवावी. शेगडीलगतच्या खिडकीतून येणारा झोत धूर बाजूला उडवतो, त्यामुळे हवा समोरून किंवा दुसऱ्या खोलीतून यावी. गॅस गीझर बाथरूमच्या आत नसावाच. तो बाहेरच्या मोकळ्या हवेत बसवावा.

तेल, आग आणि कबुतरे

‘ऑटो क्लीन’ चिमणी आतल्या पंख्याभोवतीचे तेल तापवून वाटीत गोळा करते. पाइपमधले तेल मात्र ती काढत नाही. जाळी असेल तर नियमित धुवावी, वाटी रिकामी करावी आणि वर्षातून एकदा पाइप उघडून पाहावा. दिवाळीच्या फराळाआधीचा काळ यासाठी योग्य. चिमणीखाली भांडे न ठेवता शेगडी पेटती ठेवू नये. कढईतल्या तेलाने पेट घेतलाच, तर गॅस व चिमणी बंद करावी आणि कढईवर झाकण टाकावे. पाणी कधीही ओतू नये.

गॅसचा वास आल्यास चिमणी लावून तो ‘काढून टाकण्याचा’ मोह टाळावा. बटण चालू किंवा बंद करताना ठिणगी पडू शकते. शिवाय सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरतो, चिमणीपर्यंत तो पोहोचतच नाही. रेग्युलेटर बंद करून दारे-खिडक्या उघडाव्यात, घराबाहेर पडावे आणि १९०६ या क्रमांकावर कळवावे.

पाइपच्या बाहेरच्या तोंडावर हवेने उघडणारी आणि एरवी मिटणारी झडप हवी. ती नसेल तर कबुतरे आत घरटे करतात, वाट बंद होते, आणि विष्ठा व पिसांचे कण घरात येऊ लागतात. या कणांमुळे काही जणांना फुप्फुसांचा गंभीर, कधी कधी कायमचे व्रण ठेवणारा दाह होतो. मात्र तोंडाला मच्छरदाणीची बारीक जाळी लावू नये. ती थोड्याच दिवसांत तेलाने बुजते.

चिमणी शक्य नसेल तर

चाळीतल्या खोलीत किंवा लहान घरात चिमणीला जागा आणि पैसा दोन्ही नसतात. तिथे शेगडी खिडकीजवळ आणावी आणि भिंतीत उंचावर, थेट बाहेर हवा टाकणारा एक्झॉस्ट फॅन बसवावा. समोरचे दार उघडे ठेवले तर हवेचा प्रवाह तयार होतो. पाइप डक्टमध्ये सोडलेल्या महागड्या चिमणीपेक्षा हा साधा पंखा अधिक काम करतो. मिरच्या आणि मसाला शक्यतो गॅलरीत किंवा अंगणात भाजावा. तेल धुरावेपर्यंत तापवू नये, आणि तळण सुरू असताना तान्हे बाळ, गरोदर स्त्री व दम्याचा रुग्ण यांनी दूर थांबावे.

अगरबत्तीची परीक्षा

घरची चिमणी काम करते का, हे पाहायला यंत्र लागत नाही. नेहमीच्या वेगावर चिमणी लावून पेटती अगरबत्ती तिच्या चारही कडांखाली धरावी. धूर सरळ आत ओढला गेला पाहिजे. तो बाजूला रेंगाळत असेल तर ओढ अपुरी आहे. मग खिडकी उघडून पुन्हा पाहावे. फरक पडला, तर आत येणारी हवा कमी पडत होती. फरक पडला नाही, तर दोष जाळीत किंवा पाइपात आहे. शेवटी बाहेर जाऊन पाइपच्या तोंडाशी हवेचा झोत लागतो का आणि झडप उघडते का, ते पाहावे.

स्वयंपाकाला सुरुवात करण्याआधी दोन-तीन मिनिटे चिमणी लावावी आणि नंतरही दहा-पंधरा मिनिटे चालू ठेवावी, कारण सूक्ष्म कण गॅस बंद केल्याबरोबर जात नाहीत. एवढे करूनही ओट्याशी उभे राहिल्यावर खोकला येत असेल, छाती घट्ट वाटत असेल किंवा खोकला तीन आठवड्यांहून अधिक टिकला असेल, तर डॉक्टरांना दाखवावे. चिमणी आहे एवढेच त्यांना सांगू नये. तिचा पाइप कुठे उघडतो, तेही सांगावे.